एकाच ढिगातली माती

तिला सगळे कुंडीताई म्हणत. हे नाव कोणी पाडलं कोण जाणे, पण चिकटलं ते असं की नवा पोस्टमन एकदा पाकिटावरचं तिचं खरं नाव वाचून तिलाच विचारत होता, "या नावाचं इथं कोणी राहतं का हो?" आणि तीही क्षणभर विचारात पडली होती.

पेट्रोल पंपाच्या मागे, हिरव्या जाळीखाली तिची रोपवाटिका होती. गुलाब, लिंबू, पुदिना, कोरफड, मोगरा. जाळीच्या पलीकडे पत्र्याची शेड आणि शेडच्या मागे मातीचा ढीग. तिचा नवरा टेम्पो चालवायचा. जिथे नव्या इमारतीचा पाया खोदला जात असेल तिथली माती तो उचलून आणायचा आणि त्या ढिगावर ओतायचा. कुंडीताई त्यात शेणखत मिसळायची, पाला मिसळायची, समोरच्या पिठाच्या गिरणीतला झाडून काढलेला कोंडाही मिसळायची. माती काळीभोर व्हायची. रोपांपेक्षा मातीच जास्त खपायची, कारण लोक ती फक्त झाडांसाठी नेत नसत.

त्या शहरात भूमीच्या देवीला न मानणारं घर शोधूनही सापडलं नसतं. देवी एकच आहे, याबद्दलही कोणाचं दुमत नव्हतं. वाद होता तो ती कशी आहे याचा. वरच्या आळीतले लोक तिला थोरली म्हणत. दाराशी वाडग्यात माती ठेवायची, बाहेर पडताना थोरल्या जावेच्या पायाला हात लावावा तसा तिला हात लावायचा. फक्त त्या मातीला लोखंड लागलेलं चालत नसे, थोरलीला जखम होते म्हणून. नदीकडच्या वस्तीत तिला निजलेली म्हणत. बाळाच्या पाळण्यात, आजाऱ्याच्या उशाखाली तिची पुडी ठेवायची, म्हणजे तिची झोप त्यांनाही लागते. पण माती अशा जागेची हवी की जिथं माणसाचा पाय पडलेला नाही. आणि बाजारपेठेतल्या जुन्या घरांतून ती भुकेली होती. ती सगळं पोटात घेते आणि सगळं परत देते. माणूस गेल्याला वर्ष झालं की ते लोक त्याच्या जन्मगावची माती आणि तो जिथं गेला तिथली माती एका कुंडीत कालवत आणि त्यात एक रोप लावत.

कुंडीताईच्या माहेरचे लोक तर देवीला नावच देत नसत. फरशी संपून कच्ची जमीन लागली की चपला काढून हातात घ्यायच्या, एवढीच त्यांची पूजा. शाळेच्या मैदानात चपला हातात घेऊन चालताना पोरं तिला हसायची. लग्न होऊन या शहरात आल्यावर तिनं ते सोडून दिलं आणि पुन्हा त्याचा विषय काढला नाही. तिच्या लेखी माती म्हणजे माती. खत घातलं की पिकते, नाही घातलं की नाही.

थाप मारायची असं काही तिनं ठरवलं नव्हतं. एका सकाळी ती गुलाबाची कुंडी बदलत होती, अंगठ्यात काटा गेलेला, तोंडात दोरी. समोरची गिरणीवाली येऊन म्हणाली, "ताई, या मातीला लोखंड नाही ना लागलेलं?"

"नाही हो," कुंडीताई म्हणाली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

पुढच्या आठवड्यात गिरणीवालीच्या आळीतल्या दोघीजणी आल्या. मग आणखी काही. मग नदीकडची एक नर्स आली आणि तिनं पाय न पडलेल्या जागेची माती मिळेल का विचारलं. तोवर कुंडीताईला सवय झाली होती. "मिळेल की. डोंगराच्या कुशीतली आहे," तिनं सांगितलं आणि त्याच ढिगातून भरून दिली. पुढे तर तिनं पिशव्याच वेगळ्या केल्या. थोरलीची कापडी, निजलेलीची कागदी. कागदी पिशवीत वर दोन सुकी पानंही टाकायची, डोंगर वाटावा म्हणून.

नवरा हसायचा. "अगं, परवा या मातीत खोदाईच्या मशीनचा दात मोडला होता. आणि म्हणे लोखंड नाही लागलं!"

"लोकांना समाधान मिळतं," ती म्हणायची. "कोणाचं काय जातं?"

खरंच कोणाचं काही जात नव्हतं. वर्षानुवर्षं तिला असंच वाटत राहिलं.

मग शिंपीकाका आले. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर त्यांचं शर्टांचं दुकान आणि वरच्या मजल्यावर घर. त्यांची बायको काज-बटणं करायची. दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलेली सगळ्यांनी पाहिली होती. ती जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

"तुझा नवरा गाडी घेऊन लांबलांब जातो ना गं?" त्यांनी विचारलं. "हिचं माहेर खाणींच्या पलीकडे आहे, दुकानापायी माझं कधी जाणंच झालं नाही. दोन बस बदलाव्या लागतात. माझा गुडघा असा. तिथली मूठभर माती आणून देईल का तो?"

"मूठभर कशाला, पिशवीभर देते आणून," कुंडीताई म्हणाली. आणि हे मात्र ती मनापासून म्हणाली होती.

पण त्या आठवड्यात टेम्पोचा क्लच गेला. मग नवऱ्याला एका बांधकामावरून सवडच मिळेना. मग तिच्याच डोक्यातून ते निघून गेलं. एका दुपारी शिंपीकाका काठी टेकत जाळीखाली येऊन उभे राहिले. परवाच रोप लावायचं आहे, पाहुण्यांना सांगून झालंय, म्हणाले.

"आली का गं?"

तिला "नाही" म्हणता आलं असतं. परवापर्यंत बसनं जाऊन येताही आलं असतं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "कालच दोघं जाऊन घेऊन आलो की, काका."

शेडमागे जाऊन तिनं पिशवी भरली. काकांनी ती तिथंच उघडली, आत नाक घातलं आणि बराच वेळ वर काढलं नाही. वर पाहिलं तेव्हा डोळे भरलेले होते.

"अगदी हाच. ती म्हणायची, आमच्याकडच्या मातीला भाजलेल्या पिठासारखा वास येतो. मी चेष्टा करायचो तिची."

तो वास गिरणीतल्या कोंड्याचा होता. कुंडीताईनं मान खाली घालून पिशवीचं तोंड बांधून दिलं. पैसे घ्यायला तिचा हात पुढे झाला नाही, तर काकांना वाटलं ती मोठ्या मनाची आहे.

दुसऱ्याच दिवशी ते पुन्हा आले, एक पुडकं घेऊन. त्यात निळ्या जाड कापडाचा, मोठ्या खिशांचा एप्रन होता. "पैसे घेतले नाहीस. मग म्हटलं, मातीत काम करतेस तर हे होईल. ही पट्टी बघ, काजं तिनं करून ठेवलेली होती. कशासाठी ते आठवत नाही. तुझ्यासाठीच असतील."

कुंडीताईनं काजांवरून बोट फिरवलं. टाके इतके बारीक की हाताला लागतही नव्हते. तिनं एप्रन खिळ्याला टांगून ठेवला.

"आखूड झाला का?" काकांनी विचारलं. मग तिला तो घालावाच लागला. दिवसभर लोक म्हणत होते, छान दिसतो गं, आणि दिवसभर तिला कोणीतरी पाठीमागून बघतंय असं वाटत होतं.

रोप लावायच्या दिवशी काकांनी नवराबायको दोघांनाही बोलावलं. शिलाई मशीन भिंतीला सरकवून त्यावर चादर टाकली होती. खोलीभर माणसं बसली होती. मधोमध कुंडी, शेजारी डाळिंबाचं रोप, आणि दोन ताटल्यांत दोन माती. एक काकांच्या दुकानामागच्या अंगणातली, दुसरी कुंडीताईची. रंगानं सख्ख्या बहिणी वाटाव्यात अशा. काकांची मेहुणी, म्हणजे गेलेल्या बायकोची धाकटी बहीण, पुढेच बसली होती. उंच, हडकुळी बाई. तिनं दुसऱ्या ताटलीतली चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली, आणि परत ठेवली.

माती कालवण्याआधी काका कुंडीताईकडे वळले. "आता तू सांग."

"काय सांगू?"

"अगं, आमच्यात माती आणणाऱ्यानं तिथं काय पाहिलं ते सांगायचं असतं. म्हणजे हिला कळेल की घर अजून आहे."

हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सगळी खोली तिच्याकडे बघत होती. ही धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं तिच्या मनात आलं, आणि आपण हे कोणाकडे मागतोय हे लक्षात येऊन तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. नवऱ्यानं जमिनीकडे बघायला सुरुवात केली होती.

"गाव… शांत आहे," ती म्हणाली. "रस्त्याला लागूनच विहीर आहे. दगडी काठाची." कोणत्याही गावात विहीर असतेच, असा तिचा हिशोब. "आणि तुतीचं मोठं झाड आहे. पोरं त्याच्याखाली खेळत होती."

बोलता बोलता तिची नजर मेहुणीवर गेली. मेहुणी तिच्याकडे एकटक बघत होती. त्या नजरेत राग नव्हता, नुसतं कळलेलं होतं. कुंडीताईचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. खोलीत कोणीतरी खोकलं. काकांच्या कपाळावर पहिली आठी पडू लागली तेवढ्यात मेहुणी बोलली.

"म्हणजे तुती अजून आहे तर!" ती मोठ्यानं म्हणाली. "भाऊजी, ताई त्या झाडावरून पडली होती, आठवतं, तिनं सांगितलेलं? गुडघ्याला खूण होती बघा."

"खूण होती," काका म्हणाले. "पण ती जिन्यावरून पडली असं सांगायची."

"झाडावर चढली हे आईला कळू नये म्हणून!"

सगळे हसले. काकाही हसले, मग रडले, आणि दोन्ही माती एकत्र करून त्यांनी रोप लावलं.

जेवणं झाल्यावर कुंडीताई स्वयंपाकघरात भांडी घासायला लागली. तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण बाहेर बसवत नव्हतं. मेहुणी आत आली, तिनं दार लोटून घेतलं आणि शेजारी उभी राहून ताटं पुसायला लागली.

"आमच्या गावात तुती कधीच नव्हती," ती शांतपणे म्हणाली.

कुंडीताईच्या हातातलं ताट पाण्यात सुटलं.

"आणि आमची माती पांढरी आहे. खडूसारखी. आम्ही दोघी तिनं दारावर चित्रं काढायचो. ताटली बघितली तेव्हाच मला कळलं होतं."

"मावशी, मी आत्ता जाऊन काकांना सांगते. पाय धरते त्यांचे."

"खबरदार!" मेहुणीचा आवाज पहिल्यांदा चढला आणि लगेच खाली आला. "वर्षभर भाऊजी धड जेवले नव्हते. आज दोनदा मागून घेतलं. तू सांगून मोकळी होशील गं, आणि ते? त्यांनी कुंडी फोडायची? पुन्हा पाहुणे बोलवायचे? तुझं ओझं आहे, तूच वाहा."

"तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात."

"तुझ्यासाठी?" मेहुणीनं ताट खाली ठेवलं. "माझ्या बहिणीच्या वर्षाच्या दिवशी, तिच्या नावानं, मला थाप मारायला लावलीस तू. आणि म्हणे तुझ्यासाठी." ती फडकं झटकून बाहेर गेली.

दोघं टेम्पोनं घरी निघाली. सिग्नलला गाडी थांबल्यावर नवरा म्हणाला, "इतकी वर्षं मला वाटत होतं आपण माती विकतो. आपण माती खाल्ली." ही गंमत नव्हती. पुढे कित्येक दिवस तो ढिगाकडे फिरकला नाही. टेम्पो दारात लावायचा आणि सरळ घरात जायचा.

जिथं तोंड उघडायला बंदी नव्हती तिथं तरी सांगून टाकावं, असं कुंडीताईनं ठरवलं. पहिल्यांदा ती गिरणीवालीकडे गेली. गिरणी चालू होती, आवाजात ऐकू जाईना, म्हणून तिला ओरडून सांगावं लागलं. "मातीला लोखंड लागलेलं असतं! मशीननं खोदलेली आहे! पहिल्यापासून!" आणि नेमका त्याच वेळी पट्टा थांबला, त्यामुळे शेवटचे शब्द दळणाच्या रांगेतल्या सगळ्यांनी ऐकले.

गिरणीवालीनं पट्टा पुन्हा चालू केला. संध्याकाळी ती वाडगा घेऊन आली आणि तिनं तो कुंडीताईच्या टेबलावर पालथा केला.

"आईच्या आजारपणात रोज याला हात लावून जात होते मी," ती म्हणाली. "मी कोंडा चाळून पीठ म्हणून तुझ्या डब्यात घातला असता, तर काय म्हणाली असतीस?"

"काय म्हणणार? हक्कच नसता मला म्हणायचा."

"तसली नम्र उत्तरं नकोत मला," गिरणीवाली म्हणाली, आणि त्या दिवसापासून कोंडा बंद झाला.

नर्सचं जास्त लागलं. ती चिडली नाही. खुर्चीवर बसली आणि हातातल्या पर्सचा बंद उगाच गुंडाळत राहिली. "मी त्या पुड्या पेशंटच्या उशाखाली ठेवल्या, ताई. मागायचे ते. काही बरे होऊन घरी गेले, काही गेले. गेलेल्यांच्या घरच्यांना मी म्हणायचे, शांत झोपेत गेला. आता मी काय समजू?" कुंडीताईनं तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. नर्स पाणी न पिताच उठून गेली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. कापडी आणि कागदी पिशव्या बंद झाल्या. कोणी विचारलं तर ती आता एकदाच आणि सरळ सांगायची, "इमारतीच्या पायाची आहे, मशीननं काढलेली. झाडाला चांगली. बाकीचं मला माहीत नाही." बरेच जण रिकाम्या हातानं परत जायचे. कोणी तोंडावर हसायचं, कोणी जाताना थुंकायचं. तिला त्याचं इतकं वाटत नसे. शिंपीकाका मात्र रस्त्याच्या पलीकडून काठी उंचावून सगळ्यांदेखत ओरडायचे, "लोकांचं मनावर घेऊ नकोस गं! माझ्यासाठी तू किती लांब गेलीस ते मला माहीत आहे!" तेव्हा ती रोपांमध्ये वाकून काहीतरी शोधत असल्यासारखं करायची.

शेवटी तिनंच नवऱ्याला म्हटलं, "मला तिथं घेऊन चल."

"आता जाऊन काय?"

"माहीत नाही. चल."

खाणी मागे पडल्या आणि रस्त्याच्या दोन्ही बाजू पांढऱ्या होत गेल्या. भिंती पांढऱ्या, शेळ्यांचे पाय पांढरे, टेम्पोची काचही. विहीर नव्हती, पूर्वी होती, बुजवली, असं एका म्हाताऱ्यानं सांगितलं. मेहुणीच्या माहेरचं आडनाव विचारत ती एका बैठ्या घरापाशी पोचली. भिंतीला लागून अंजिराची झाडं होती, वाळत घातलेले कपडे होते. आत दुसरंच कोणीतरी राहत होतं. एक तरणी बाई कडेवर मूल घेऊन बाहेर आली.

"थोडी माती न्यायची होती," कुंडीताई म्हणाली. "नेऊ का?"

"मातीला काय विचारायचं? घ्या की."

"नाही, तुम्ही हो म्हणा."

बाईला हसू आलं. "बरं बाई, हो."

कुंडीताईनं हातानंच डबा भरला. तिनं वास घेऊन पाहिला. भाजलेल्या पिठाचा वास नव्हता. कोरडा, शाळेच्या फळ्यासारखा. निघण्याआधी ती बराच वेळ तिथं नुसती बघत उभी राहिली. दाराची चौकट, उंबऱ्याचा झिजलेला दगड, अंजिरांच्या मुळांशी ठेवलेली फुटकी बादली. नवऱ्यानं दोनदा हॉर्न वाजवला.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन काकांच्या दुकानात गेली. डाळिंबाची कुंडी खिडकीत होती, रोपाला नवी पालवी होती.

"काका, झाडाला वरून थोडी भर घालते."

"घाल की. ही कसली? पांढरी दिसते."

"तिकडचीच आहे."

एवढंच ती म्हणाली, आणि ते खरं होतं. काकांनी डब्यातला एक खडा उचलला आणि समोर पसरलेल्या काळ्या कापडावर सवयीनं एक रेघ ओढली. रेघ स्वच्छ उमटली. ते बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले.

"खडूच आहे हा," ते म्हणाले. मग सुई खाली ठेवून खुर्चीत मागे टेकले. "या वेळी काय काय पाहिलंस?"

कुंडीताईनं भर घालता घालता सांगायला सुरुवात केली. भिंतीशी अंजिराची झाडं आहेत. उंबऱ्याचा दगड मधे झिजलाय. आत दुसरे लोक राहतात, त्यांना लहान मूल आहे. सगळीकडे पांढरं आहे, शेळ्यांच्या पायांपर्यंत.

"मागच्या वेळी विहीर म्हणाली होतीस," काका म्हणाले. "आणि तुती."

तिचे हात मातीत थांबले. मान वर होईना. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, मग कोणीतरी दुकानाच्या दारात येऊन शर्ट झाला का विचारलं, आणि काकांनी त्याला हातानंच उद्या ये म्हणून खूण केली. तिला मेहुणीचे शब्द आठवत होते आणि तरीही ओठांपर्यंत सगळं आलं होतं.

"काका, मी…"

"अंजिरं कुठल्या बाजूला आहेत?" काकांनी मधेच विचारलं. ते अजून त्या रेघेकडेच बघत होते. "दाराच्या उजवीकडे की डावीकडे?"

"डावीकडे," ती म्हणाली.

"डावीकडे," त्यांनी पुन्हा म्हटलं. "ती उजवीकडे सांगायची. आतून बाहेर बघताना असेल. सांग, पुढे सांग. घाई नाही मला."

ती सांगत राहिली. त्यांना किती कळलं आणि कधी कळलं, हे तिला पुढेही कधी विचारता आलं नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.